तीन महिन्यांसाठी रुद्रपूरला जाण्याची शास्त्रोक्त पद्धत

पिंपरी-चिंचवडपासून चाकण-रांजणगावपर्यंतच्या पट्ट्यात नोकरी करणाऱ्या माणसाला एकदा तरी केबिनमध्ये बोलावून सांगितलं जातं, 'फक्त तीन महिन्यांचा प्रश्न आहे.' हे ऐकताना चेहरा कसा ठेवावा, पुढे काय विचारावं आणि बॅगेत काय भरावं याचं शिक्षण आपल्याकडे कुठेच मिळत नाही. डिप्लोमाला सहा सेमिस्टर थर्मल, टूल डिझाइन आणि इंडस्ट्रियल मॅनेजमेंट शिकवतात, पण ज्या वाक्यावर पुढची दोन-तीन वर्षं जाणार त्याचा एकही तास नसतो. ती उणीव भरून काढावी एवढाच या मार्गदर्शनाचा हेतू. नमुन्यादाखल उत्तराखंडातलं रुद्रपूर घेतलं आहे. साणंद, होसूर किंवा श्रीपेरुंबुदूरला निघालेल्यांनी गावाचं नाव बदलून वाचावं. मजकूर तोच राहील, फक्त स्वेटर काढून ठेवावेत.

रुद्रपूरच का, तर त्यालाही शास्त्र आहे. 2003 मध्ये केंद्र सरकारने उत्तराखंड आणि हिमाचलसाठी औद्योगिक पॅकेज दिलं. नव्या कारखान्याला दहा वर्षं उत्पादन शुल्क माफ, पहिली पाच वर्षं प्राप्तिकरही माफ. नैनीतालच्या डोंगरांच्या पायथ्याशी, तराईच्या सपाट सुपीक जमिनीवर, पंतनगरच्या कृषी विद्यापीठाशेजारी सिडकुल या सरकारी महामंडळाची औद्योगिक वसाहत उभी राहिली. 2007 च्या सुमारास बजाज आणि टाटा मोटर्सचे कारखाने तिथे सुरू झाले. आता गाडी जिथे जुळते तिथे तिची सीट, सायलेन्सर, आरसे आणि वायरिंग करणाऱ्यांनाही जावं लागतं, आणि ते सगळे राहतात भोसरीत. दिल्लीत करमाफीच्या कागदावर सही झाली आणि तिचा शेवटचा परिणाम म्हणून भोसरीतल्या एका माणसाला रात्री जेवताना बायकोला सांगावं लागलं, 'जरा बोलायचं होतं.' करमाफी केव्हाच संपली. माणसं पाठवणं चालू आहे.

बोलावणं येण्याआधी लक्षणं दिसतात. एरवी आपला चहा मशीनचा, कागदी कपातला. त्या दिवशी कपबशी येते आणि बशीत दोन बिस्किटं असतात. वेळ शुक्रवार दुपारची असते, म्हणजे शनिवार-रविवार घरी भांडून सोमवारी माणूस शांत होऊन यावा.

'या, बसा. साखर चालते ना?'

'चालते, सर.'

'घरी काय म्हणतायत? आई-वडील बरे?'

इथे सावध व्हा. ही आपुलकीची चौकशी वाटते, पण ही पाहणी आहे. 'अगदी छान, रोज फिरायला जातात' असं उत्तर देणाऱ्याने आपली सर्वात भक्कम सबब बिस्किटाबरोबर खाऊन टाकली. नोकरी लागल्या दिवसापासून आई-वडील ऑफिसात किंचित आजारी ठेवावेत. हृदय नको, मग लोक चौकशीला घरी येतात. गुडघे सर्वांत चांगले. ते गंभीर नसतात आणि कधी बरेही होत नाहीत.

'रुद्रपूरला आपल्याला एक स्ट्राँग माणूस पाहिजे.'

'किती दिवस, सर?'

'तीन महिने. फार तर.'

पाठवण्यासाठी सर्वांत हुशार माणूस निवडतात, हा गैरसमज सोडून द्यावा. सर्वांत हुशार माणूस इथे लागतो. अगदीच निकामी पाठवला तर तिथला कस्टमर ओरडतो. म्हणून मधला शोधतात, ज्याच्यावाचून इथे भागेल आणि ज्याच्याकडून तिथे भागवून घेता येईल. त्यातही पहिला नंबर अविवाहिताचा, कारण त्याला 'जबाबदारी नाही'. त्याच्या आईला गुडघे असतात हे कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरा नंबर ज्याचं मूल यंदा दहावीला नाही त्याचा. तिसरा, मीटिंगमध्ये गप्प बसणाऱ्याचा. डिपार्टमेंटमधल्या बायकांना मात्र कुणी विचारतच नाही. त्यांच्या वतीने साहेब स्वतःच नकार देतात आणि पुढे प्रमोशनच्या वेळी त्याच नकाराचा हिशेब त्यांच्या नावावर मांडतात. जायची तयारी असलेली एखादी असते, पण तिच्यापर्यंत ती कपबशी पोहोचत नाही.

नकार द्यायचा असेल तर आधी नेमणूकपत्र काढून वाचा. आपण ते रुजू झालेल्या दिवशी सही करून फाइलमध्ये ठेवलेलं असतं आणि नंतर फक्त होम लोनच्या झेरॉक्ससाठी बाहेर काढलेलं असतं. त्यात एक कलम सापडेल. कंपनीच्या भारतातल्या किंवा भारताबाहेरच्या, सध्या असलेल्या किंवा भविष्यात निघणाऱ्या कुठल्याही ठिकाणी तुमची बदली होऊ शकते. जे ठिकाण अजून अस्तित्वात नाही तिथे जायलाही तुम्ही मान्यता देऊन बसला आहात. कायदा अगदीच मुका नाही. अनुचित कामगार प्रथा रोखणारा महाराष्ट्राचा 1971 चा कायदा आहे, आणि व्यवस्थापनाच्या धोरणाच्या आडून वाईट हेतूने केलेली बदली ही त्या कायद्याने अनुचित प्रथाच ठरवली आहे. पण तो कामगारांसाठी. तुम्ही आता कामगार कुठे राहिलात? मागच्या वर्षी पगार बाराशे रुपयांनी वाढवून तुम्हाला 'असिस्टंट मॅनेजर' केलं, घरी पेढे वाटले, कार्डं छापून आली. माणूस साहेब झाला की युनियनही त्याची नसते आणि तो कायदाही.

तेव्हा बहुतेक जण हो म्हणतात. नाइलाजाने म्हणतात असंही नाही. पगाराच्या वर दिवसाचा भत्ता मिळतो, तिथल्या प्लँटमध्ये आपण थोडे मोठे असतो, आणि कुणी 'स्ट्राँग माणूस' म्हटलेलं कानाला बरं वाटतं. होकार देण्यात चूक काहीच नाही. चूक होते ती त्या खोलीतून उठताना. कारण तिथे एकच प्रश्न विचारायचा असतो आणि तो कुणी विचारत नाही. 'परत कुठल्या तारखेला?' 'किती दिवस' हा प्रश्न कुचकामी आहे. त्याला उत्तर म्हणून आकडा मिळतो, आणि आकडा ओढला की लांबतो. तारखेचं तसं नसतं. ती कॅलेंडरवर दिसते, तिच्यावर बोट ठेवता येतं. तारीख मागितली की साहेब हसतात आणि म्हणतात, 'अहो, मी आहे ना.' या वाक्याची मुदत सरासरी पुढच्या अप्रेझलपर्यंत असते. साहेब तेव्हा दुसरीकडे चांगली ऑफर घेऊन जातात आणि जाताना 'मी आहे ना' बरोबर घेऊन जातात. नव्या साहेबांच्या दृष्टीने तुम्ही रुद्रपूरचेच.

आता घरी सांगणं. कंपनीने तुम्हाला तीन महिने सांगितलेले असतात. तुम्ही बायकोला दोन-अडीच सांगता. ती सासूबाईंना 'महिनाभर जाऊन येतायत' म्हणते. सासूबाई शेजारच्या काकूंना 'ट्रेनिंगला गेलाय' म्हणून सांगतात, आणि मुलीला सगळे मिळून सांगतात की बाबा पुढच्या शनिवारी येणार. मुदत अशी घरात वरून खाली उतरताना आकसत जाते. पुढे कंपनीकडून ती वाढत जाणार असल्यामुळे दोन्हींची गाठ कुठे पडते हे पाहण्यासारखं असतं. माझ्या मते बायकोला पहिल्याच रात्री 'एक दिवाळी चुकेल' असं सांगून टाकावं. भांडण एकदाच होतं. हप्त्याहप्त्याने सांगणाऱ्याला प्रत्येक हप्त्यावर व्याज भरावं लागतं.

बायको दोनच प्रश्न विचारते, सिलिंडर कुणाच्या मोबाइलवर बुक होतो आणि सोसायटीच्या मीटिंगला कोण जाणार. आई जेवणाचं विचारते. वडील काही विचारत नाहीत, रेल्वेचं टाइमटेबल काढतात.

सामानाबद्दल. पुणे ते रुद्रपूर अंतर 1700 किलोमीटरच्या आसपास. रेल्वेने दिल्लीपर्यंतच एक रात्र आणि एक दिवस जातो, तिथून पुन्हा काठगोदामकडे जाणारी गाडी धरायची. त्यामुळे आईने बांधलेलं सगळं नेता येणार नाही. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट आणि छोटा कुकर, एवढं न्यावं. तांदूळ नेऊ नये, तराई ही तांदळाचीच जमीन आहे आणि तिथला बासमती आपल्या डब्यातल्या भाताला लाजवेल. ज्वारीचं पीठ सहजासहजी मिळत नाही, पण हताश होऊ नका. कुमाऊंतल्या माणसाकडे 'मडुआ' मागा, हातात नाचणी पडते. 'गहत' मागा, कुळीथ मिळतात. रत्नागिरीचा एखादा माणूस पहिल्या थंडीत तिथल्या घरी गहतची डाळ जेवतो आणि नंतर आईला फोन करून बराच वेळ बोलतो, असं मी पाहिलं आहे. बाकी रुद्रपूर शहराचं जेवण पंजाबी वळणाचं. फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेल्या पंजाबातून आलेल्या शीख आणि पंजाबी कुटुंबांनी तराईचं जंगल साफ करून शेती केली. सकाळी पराठा, दुपारी राजमा, रात्री पराठा. पँट पहिल्याच महिन्यात बोलू लागते.

स्वेटरचं काय ते आधीच सांगतो. पुण्यात आपण ज्याला स्वेटर म्हणतो तो तिथे बनियन समजावा. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीभर तराईत धुकं बसतं, दिवसचे दिवस ऊन दिसत नाही, आणि कंपनीच्या फ्लॅटमध्ये तीन माणसांत एक गीझर असतो. आंघोळीचा क्रम हुद्द्याप्रमाणे. ज्युनिअर माणसाला प्रमोशनची खरी ओढ इथेच लागते.

भत्त्यावर आशा ठेवून गेलेल्यांसाठी थोडं हिशेबाचं. कंपनी तुम्हाला तिथे 'टूर'वर आहात असं दाखवते, बदलीवर नव्हे, कारण बदलीवर सामान हलवायचा खर्च आणि कुटुंबाची सोय आली. टूरवर असल्यामुळे प्रत्येक खर्चाला बिल हवं. सिडकुलच्या गेटपर्यंत जाणारी ई-रिक्षा, जिला तिकडे टुकटुक म्हणतात, बिल देत नाही. धोबी बिल देत नाही. पराठ्याचा ढाबा बिल देतो, पण त्यावर ढाब्याचं नाव नसतं. पुण्यातले अकाउंट्सवाले हे सगळे कागद लाल शाईने परत पाठवतात आणि खाली लिहितात, 'कृपया सपोर्टिंग जोडा.' एक सांत्वन म्हणजे उत्तराखंडात व्यवसाय कर नाही. आपल्याकडे महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापतात, ते वाचतील असं वाटून माणूस हरखतो. वाचत नाहीत. पगार पुण्यातून निघतो.

आणि मोटारसायकल. काही जण ट्रेनने आपली एमएच 14 ची गाडी नेतात. त्यांच्यासाठी मोटार वाहन कायद्यात सोय आहे. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथल्या नोंदणीचा नंबर घ्यायचा. कंपनी म्हणते तुम्ही टूरवर आहात, साहेब म्हणतात थोडेच दिवस राहिले, तुम्ही घरी सांगता आता येतोच, आणि या सगळ्या गोंधळात आरटीओ हे एकच खातं तुम्हाला खरं काय ते सांगतं. बारा महिने झाले, तुम्ही इथले.

बारा महिने होतात कसे, तेही पद्धतशीर पाहू. पहिले तीन महिने मशीन बसवण्यात जातात. ते मालवाहू ट्रकमध्येच दीड महिना अडकलेलं असतं, तरी महिने तुमचे मोजले जातात. मग 'ट्रायल होऊ द्या'. ट्रायल झाली की पार्टला कस्टमरची मंजुरी, ज्याला सगळे पीपॅप म्हणतात. ती फाइल पहिल्यांदा परत येते, कारण ती पहिल्यांदा परत यायचीच असते. मग उत्पादन वाढवायचं. वाढवताना रिजेक्शन वाढतं. रिजेक्शन आटोक्यात आलं की ऑडिट तोंडावर आलेलं असतं, आणि ऑडिटच्या तोंडावर माणूस बदलायचा नाही हे तुम्हालाही पटतं. ऑडिट झाल्यावर कस्टमर नवीन मॉडेल काढतो. यातलं एकही कारण खोटं नसतं. प्रत्येक वेळी फक्त सहा आठवड्यांचाच प्रश्न असतो, आणि दीर्घ मुदतीची नोकरी अशी छोट्या छोट्या खऱ्या कारणांनी भरते. 'दोन वर्षं जा' असं कंपनीने स्पष्ट सांगितलं असतं तर निदान मुलीची शाळा बदलली असती, भाड्याने घर घेतलं असतं, सगळे मिळून राहिले असते. तीन-तीन महिन्यांच्या माणसाला ना तिथे संसार मांडता येतो ना इथला उचलता येतो.

मधूनच 'तुमची रिप्लेसमेंट शोधतोय' अशी बातमी येते. ही बहुधा खरी असते. रिप्लेसमेंट म्हणून एक तरुण मुलगा येतो, तुम्ही त्याला मनापासून सगळं शिकवता, आणि तयार झाल्यावर तो शेजारच्या गाळ्यातल्या कंपनीत जादा पगारावर जातो. त्याला दोष देऊ नका. त्याला कुणीतरी तारीख दिली.

नातेवाईक हा वेगळा विषय आहे. चिंचवडला अर्ध्या तासावर राहून कधी न आलेली माणसं तुम्ही रुद्रपूरला आहात कळताच फोन करतात. नैनीताल तिथून दोन-अडीच तासांवर, कॉर्बेटचं जंगल जवळ, आणि अलीकडे सगळ्यांना कैंची धामला जायचं असतं. तुम्ही टॅक्सी ठरवायची, हॉटेलचा भाव पाडायचा आणि रविवारी त्यांच्याबरोबर बोटीत बसायचं. परत जाताना ते अल्मोड्याची बालमिठाई घेतात आणि पुण्यात सांगतात, 'मजा आहे त्याची, हिल स्टेशनला नोकरी.' याला उपाय नाही. साहेबही तेच म्हणाले होते.

घरी येण्याची रजा कुठे महिन्याला मिळते, कुठे दोन महिन्यांनी. पहिल्या खेपेला सगळे स्टेशनवर येतात. पुढच्या काही खेपांत तुमच्या असं लक्षात येईल की घर नीट चाललंय. सिलिंडर बायकोच्या मोबाइलवर बुक होतोय, प्रगतिपुस्तकावर तिची सही आहे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ती पार्किंगवरून भांडून जिंकली आहे. तुमच्यासाठी पाहुण्यांचा टॉवेल काढलेला असतो. 'मी करतो' म्हणून मधे पडू नये. चार दिवसांत पुन्हा निघायचंय, घडी विसकटून जाऊ नये. प्लँटमध्ये चक्कर मारली तर आपल्या खुर्चीवर दुसरा बसलेला दिसेल. तो उठून उभा राहील, 'सर, बसा ना' म्हणेल. बसू नका. ड्रॉवरमधली आपली वस्तू मात्र आठवणीने घेऊन या.

आणि तिथून बाहेर पडताना लाइनवर जरा नजर टाका. प्रेसवर उभा असलेला ऑपरेटर बिहारमधल्या सिवानचा किंवा छपऱ्याचा असतो. तुम्हाला तराईत पाठवलंय, तो तिकडून इथे आलाय, आणि बारा-बारा तास उभा राहून तोही घरी 'पुढच्या महिन्यात येतो' असंच सांगतोय. त्याला कुणी केबिनमध्ये बोलावलं नाही, साखर विचारली नाही, भत्ता दिला नाही. या विषयावर मार्गदर्शन खरं तर त्याने लिहायला हवं. पण त्याला ओव्हरटाइममधून सवड मिळत नाही.

तेव्हा केबिनमधून उठण्यापूर्वी परतीची तारीख मागा, आणि ती ईमेलवर घ्या. 'मी आहे ना' असं म्हणणाऱ्या साहेबांनाच तो ईमेल लिहायला सांगा, एचआरला कॉपी. मिळाली तर हा लेख फाडून टाका. मिळाली नाही तरी तुम्ही जाणारच, हे मला ठाऊक आहे, म्हणून शेवटची सूचना. रेल्वेचं आरक्षण हल्ली 60 दिवस आधी, सकाळी आठ वाजता उघडतं. दिवाळीला घरी यायचं तिकीट त्यातल्या त्यात मिळतं. खरी अडचण परतीची असते, कारण भाऊबीज आटोपून तुम्ही उत्तरेकडे निघता तेव्हा तो ऑपरेटरही छठपूजेला निघालेला असतो. दोन्ही तिकिटं वेगवेगळ्या दिवशी उघडतात. दोन्ही दिवशी पावणेआठला मोबाइल हातात घेऊन बसा.